मालकाला आपला धंदा पहिला दिसतो, गिऱ्हाईकाला दिसतच नाही: लोकल सर्चचं ऑडिट करून क्लायंट कसा मिळवायचा

छोट्या धंद्याच्या मालकाशी लोकल सर्चबद्दल, म्हणजे गुगलवर जवळपासचे धंदे शोधल्यावर नकाशासोबत कोणाची नावं येतात त्याबद्दल, बोलायला गेलं की बहुतेक जण आधी खिशातून फोन काढतात, आपल्या धंद्याचा प्रकार टाइप करतात आणि म्हणतात, 'हे बघा, पहिल्या नंबरवर आहे की मी.' आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं दिसत असतं. पण ते शोधतायत कुठून, तर स्वतःच्या काउंटरमागे बसून. लोकल निकाल लावताना गुगल तीन गोष्टी बघतं, हे गुगलनेच सांगितलंय: शोधलेल्या गोष्टीशी धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तो किती लांब आहे आणि धंदा किती नावाजलेला आहे. आता मालक आणि दुकान यातलं अंतर शून्य, वर रोज स्वतःचंच गुगल प्रोफाइल (धंद्याची माहिती दाखवणारं गुगलवरचं पान) उघडल्यामुळे त्या फोनची हिस्टरी पण त्याच्याच बाजूची, मग पहिला नंबर येणारच ना.

गिऱ्हाईक मात्र दोन-तीन किलोमीटरवर घरी बसून शोधतं आणि त्याला नकाशाखाली तीन नावं दिसतात. २०१५ च्या ऑगस्टपर्यंत तिथे सात नावं यायची, मग गुगलने ती तीनवर आणली. चौथ्या नंबरचा धंदा बघायचा तर वेगळं क्लिक करावं लागतं आणि घाईत असलेला माणूस ते करत नाही.

आपलं ऑडिट, म्हणजे धंदा सर्चमध्ये कसा दिसतो याची तपासणी, हे मालकाला त्या घरातल्या माणसाच्या जागी नेऊन बसवणं. माझ्या मते क्लायंट मिळतो तो एवढ्याच एका गोष्टीवर. मी सुरुवातीला एका दवाखान्याला ३८ पानांचा रिपोर्ट पाठवला होता, सॉफ्टवेअरमधून काढलेला, लाल-हिरव्या गोळ्यांनी भरलेला, त्यावर साधं उत्तरही आलं नाही आणि आज तो उघडून बघितला तर कळतं की त्यात त्यांच्या पेशंटबद्दल एकही वाक्य नव्हतं. त्यानंतर हळूहळू जी पद्धत बसत गेली ती खाली लिहितोय.

आधी कोणाचं ऑडिट करायचं ते ठरवा

दिसेल त्या धंद्याचं ऑडिट करत सुटू नका, वेळ जातो आणि हाताला काही लागत नाही. एक धंदा-प्रकार घ्या, एक भाग घ्या, मॅप्समध्ये शोधा आणि वरचे तीन सोडून चौथ्यापासून साधारण पंधराव्यापर्यंतची यादी काढा. माझं सगळं काम याच पट्ट्यात असतं. हे लोक गुगलला माहीत आहेत, बऱ्यापैकी नावाजलेले आहेत, फक्त कुठेतरी एक-दोन गोष्टी अडल्यात. चाळिसाव्या नंबरवरच्याला वर आणायला खूप महिने लागतात आणि तेवढा धीर छोट्या मालकाकडे नसतो, तो त्याचा दोषही नाही, त्याला महिन्याच्या महिन्याला भाडं भरायचं असतं.

त्या यादीत मी काही खुणा शोधतो. जो जाहिरातींवर पैसे खर्च करतोय, म्हणजे ज्याच्या नावाशी 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं दिसतंय, त्याला गिऱ्हाईक पैसे देऊन आणावं लागतं हे आधीच पटलेलं असतं. ज्याच्या प्रोफाइलवर 'हा व्यवसाय क्लेम करा' अशी लिंक दिसते, त्याने प्रोफाइल अजून ताब्यातच घेतलेलं नाही. आणि एक खूण फार उपयोगी पडते: धंद्याने कुठेही दिलेला वेबसाइटचा पत्ता बिझनेस डॉट साइटने संपतोय का बघा. पूर्वी गुगल प्रोफाइलमधूनच फुकट छोटी वेबसाइट बनवून द्यायचं, ती सोय २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाली आणि त्या वर्षीच्या १० जूननंतर ते पत्ते प्रोफाइलकडे वळवणंही थांबलं. तरीही कोणी व्हिजिटिंग कार्डावर, फेसबुकवर, कुठल्यातरी डिरेक्टरीत तोच पत्ता ठेवलेला असतो आणि दाबणाऱ्या माणसाला पान सापडतच नाही, मालकाला हे माहीतच नसतं.

ज्यांच्याकडे लोकांच्या तक्रारी खऱ्या आहेत त्यांना मी सोडून देतो. म्हणजे दहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत 'वेळेवर आले नाहीत, फोन उचलत नाहीत' असं लिहिलंय, तर तिथे सर्चचा प्रॉब्लेम नाहीये, आणखी लोकांना तिकडे पाठवून आपण कोणाचंच भलं करत नाही.

काय शोधायचं आणि कुठून शोधायचं

आता एका धंद्याचे पाच-सहा शोधशब्द ठरवा, पन्नास नकोत. दोन धंद्याच्या प्रकाराचे, दोन-तीन कामाचे किंवा त्रासाचे, आणि एक त्यांचं स्वतःचं नाव. दाताच्या डॉक्टरांना 'डेंटिस्ट' महत्त्वाचा वाटतो पण ज्याची दाढ रात्रभर ठणकतेय तो 'दाढ दुखणे इमर्जन्सी' किंवा 'रूट कॅनाल' असं शोधतो आणि तो लगेच फोन करणारा माणूस असतो. शब्द सुचत नसतील तर सर्चबॉक्समध्ये अर्धा शब्द टाइप करून खाली गुगल काय सुचवतं ते बघा, आणि लोक ज्या ज्या भाषेत आणि लिपीत टाइप करतात त्या सगळ्यांत करून बघा, निकाल वेगळे येतात. मग रिव्ह्यू वाचा, गिऱ्हाईकं स्वतःच्या तोंडाने कामाला काय म्हणतात ते तिथे सापडतं.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि इथेच बरेच जण चुकतात. ब्राउझरची इन्कॉग्निटो (खाजगी) विंडो उघडून शोधलं म्हणजे निष्पक्ष निकाल मिळाला असं वाटतं, पण इन्कॉग्निटोने फक्त हिस्टरी जाते, तुम्ही कुठे बसलाय हे गुगलला तरीही कळतंच. त्यामुळे जागा बदलून शोधायला हवं. पैसे न घालता करायचं असेल तर मॅप्सवर हव्या त्या जागी राइट क्लिक करा, तिथले अक्षांश-रेखांश दिसतील, ते कॉपी करा. मग क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, त्यातल्या 'मोअर टूल्स'मध्ये 'सेन्सर्स' नावाचा टॅब असतो, तिथे लोकेशनमध्ये ते आकडे टाका, गुगलवर सर्च करा, पान खाली नेऊन लोकेशन अपडेट करा आणि पुन्हा सर्च करा. आता तुम्ही त्या जागेवर उभे आहात असं धरून निकाल येतात. लोकल फाल्कन, ब्राइटलोकल अशी टूल्स हेच काम नकाशावर बिंदूंची जाळी टाकून आपोआप करतात, ७ बाय ७ ची जाळी घेतली तर एका फटक्यात ४९ ठिकाणचे नंबर नकाशावर दिसतात. क्लायंट आल्यावर टूल घ्याच, पण पहिल्या ऑडिटला हाताने केलेले ९ बिंदू पुरतात: एक दुकानाचा, बाकी आठ आजूबाजूला एकेक किलोमीटरवर. अंतर मात्र धंद्याप्रमाणे बदला, कुलूप उघडून देणाऱ्याचं गिऱ्हाईक जवळचं असतं, गुडघ्याच्या तज्ज्ञाकडे लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून जातात.

नंबर लिहिताना तारखेबरोबर वेळही लिहा. २०२३ च्या शेवटी गुगलच्या बाजूने हे सांगितलं गेलं की धंदा त्या क्षणी उघडा आहे की बंद, याला लोकल निकालात आता जास्त वजन आहे. म्हणजे तुम्ही रात्री अकराला बसून तपासलं आणि मालकाला सांगितलं की तुम्ही चौदावे आहात, तर तो दुसऱ्या दिवशी दुपारी तपासेल, त्याला सहावा दिसेल आणि तुमच्यावरचा विश्वास तिथेच संपेल. धंदा उघडा असतानाच तपासा.

या जाळीतून एक चित्र तयार होतं. दुकानाजवळ चांगला नंबर आणि लांब जाताना हळूहळू खाली, तर ते नैसर्गिक आहे, प्रश्न फक्त एवढा की वरचे तिघे किती लांबपर्यंत टिकतात आणि हा किती. पण दुकानाच्या दारातही तो पाचवा-सहावा असेल तर अंतर हे कारण असूच शकत नाही, तिथे प्रोफाइलमध्ये किंवा वेबसाइटवर नक्की काहीतरी बिघडलेलं आहे, आणि असा धंदा सापडला की मी बाकी सगळं बाजूला ठेवून त्याचं पूर्ण ऑडिट करतो. तिसरा प्रकार विचित्र वाटतो: धंदा कुठेच नाही, अगदी गायब. तेव्हा बघा की त्याच इमारतीत किंवा अगदी शेजारी त्याच कॅटेगरीचा दुसरा धंदा वर दिसतोय का, कारण गुगल एकसारखे वाटणारे शेजारी गाळतं आणि त्यातला एकच दाखवतं. मॅप्स झूम केल्यावर लपलेला धंदा अचानक दिसायला लागला तर समजा हेच चाललंय. मालकांना हे कधीच माहीत नसतं.

प्रोफाइल: पाच मिनिटांत सापडणाऱ्या चुका

गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत ज्याला गुगल माय बिझनेस म्हणायचे ते. पहिल्यांदा मुख्य कॅटेगरी बघा. नावाखाली जी दिसते ती मुख्य, आणि त्याशिवाय अजून ९ पर्यंत जास्तीच्या कॅटेगऱ्या लावता येतात ज्या वरून दिसत नाहीत, त्या बघायला जीएमबी एव्हरीव्हेअर किंवा प्लेपरसारखं ब्राउझर एक्स्टेन्शन टाका. वरच्या तिघांची मुख्य कॅटेगरी आणि आपल्या माणसाची शेजारी शेजारी लिहा. दाताचा दवाखाना 'मेडिकल क्लिनिक' म्हणून बसलाय, फिजिओथेरपीवाला 'जिम' म्हणून बसलाय, असं बरेचदा सापडतं, कारण कोणीतरी कधीतरी घाईत प्रोफाइल बनवलं आणि यादीत पहिलं जे जुळतंय ते निवडलं. एकटी ही चूक सुधारली तरी नंबर हललेले मी बघितलेत, दुसऱ्या कुठल्याही एका बदलाने एवढा फरक मला दिसलेला नाही.

मग नाव. गुगलचा नियम साफ आहे, पाटीवर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर, त्यात कामाचे आणि भागाचे शब्द घुसवायचे नाहीत. आता खरं सांगायचं तर नावात शब्द घुसवलेले धंदे वर येतात, हे कोणीही शोधून बघू शकतं, आणि म्हणूनच तो मोह होतो. पण मी क्लायंटला ते कधीच सुचवत नाही, तक्रार झाली तर नाव उडतं आणि कधी पूर्ण प्रोफाइल सस्पेंड होतं, मग महिनाभर फोन वाजत नाही. उलट वरच्या तिघांपैकी कोणाचं नाव असं भरलेलं असेल तर त्याची नोंद करा, 'सजेस्ट ॲन एडिट' मधून खरं नाव सुचवता येतं, पाटीचा फोटो असेल तर आणखी बरं. आणि नाव तुमच्याच होणाऱ्या क्लायंटने भरलेलं असेल तर त्याला आधीच सांगा की हे काढल्यावर काही दिवस नंबर खाली जाऊ शकतो. न सांगता काढलंत तर दोष तुमच्यावर येणार.

घरी जाऊन काम करणारे धंदे असतील, म्हणजे प्लंबर, एसी दुरुस्ती वगैरे, तर तिथे वेगळा घोळ असतो. प्रोफाइलमध्ये २० पर्यंत सेवा-भाग, म्हणजे जिथे जाऊन काम करतो ते भाग, टाकता येतात आणि मालकाला वाटतं की २० भाग टाकले म्हणजे २० ठिकाणी दिसणार. तसं होत नाही, नंबर ठरतो तो ज्या पत्त्यावर व्हेरिफिकेशन (गुगलची पडताळणी) झालं त्याच्या आजूबाजूला, पत्ता लपवलेला असला तरी. हे स्पष्ट सांगणारा माणूस त्यांना सहसा पहिल्यांदाच भेटतो, आणि तिथून बोलणं खूप मोकळं होतं असा माझा अनुभव आहे.

बाकीचं भराभर बघून घ्या: वेळा बरोबर आहेत का, सुट्टीच्या दिवसांच्या वेगळ्या वेळा भरल्यात का, सेवांची यादी रिकामी आहे का, शेवटचा फोटो मालकाने कधी टाकलाय, नकाशावरची खूण दारावर आहे की मागच्या गल्लीत, एकाच धंद्याची दोन प्रोफाइल तर नाहीत ना. ७५० अक्षरांचं जे वर्णन असतं त्यावर लोक तासन्‌तास घालवतात, ते नीट लिहा, पण त्याने नंबर वर जाईल असं कोणाला सांगू नका, मी तरी तसं झालेलं बघितलं नाही.

आणि फोन लावून बघा. खरंच लावा. प्रोफाइलवरचा नंबर बंद आहे, जुन्या नोकराकडे जातोय, किंवा दुपारी कोणी उचलतच नाही, हे मला इतक्या वेळा सापडलंय की मी आता सगळ्यात आधी फोनच लावतो. उचललाच तर उगाच पेशंट किंवा गिऱ्हाईक असल्याचं नाटक करून त्यांचा वेळ खाऊ नका, आज किती वाजेपर्यंत उघडं आहे एवढं विचारून ठेवा, प्रोफाइलवरची वेळ पण त्यातच तपासून होते.

रिव्ह्यू मोजू नका, वाचा

एकूण आकडा सगळेच बघतात, ४.६ आणि ४.७ मध्ये गिऱ्हाईकाला काही फरक पडत नाही. मी लिहून ठेवतो ते असं: गेल्या ९० दिवसांत नवीन किती आले आणि वरच्या तिघांना त्याच ९० दिवसांत किती आले. मालकाकडे २०० रिव्ह्यू असतात आणि त्याला वाटतं आपण पुढे आहोत, पण शेवटचा रिव्ह्यू आठ महिन्यांपूर्वीचा असतो आणि पलीकडच्याकडे ८० च आहेत पण दर आठवड्याला दोन येतायत. ही तुलना दोन ओळींत लिहिली की मालकाला लगेच समजते, त्यासाठी एसइओ (सर्चमध्ये वर येण्याचं तंत्र) कळावं लागत नाही.

मग मजकूर वाचा. लोकांनी कुठल्या कामाचा उल्लेख केलाय? ज्या कामातून मालकाला सगळ्यात जास्त मिळतं त्या कामाचं नाव रिव्ह्यूत येतंय का? शोधनिकालात कधी कधी धंद्याच्या नावाखाली एक छोटी ओळ येते, की याच्या वेबसाइटवर अमुक गोष्टीचा उल्लेख आहे, किंवा रिव्ह्यूतलं एखादं वाक्यच तिथे येतं ज्यात शोधलेला शब्द ठळक असतो. ती ओळ ज्याच्याकडे आहे त्याच्यावर बोट जास्त जातं. वरच्या तिघांकडे ती आहे आणि आपल्याकडे नाही, असा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

वाईट रिव्ह्यूंना उत्तर दिलंय का आणि कसं दिलंय हे पण बघा. भांडण असेल तर नोंद करा पण रिपोर्टमध्ये ते वाक्य छापू नका, ते उत्तर मालकाने रागाच्या भरात स्वतः लिहिलेलं असतं, त्याला ते तुमच्याकडून वाचताना लाज वाटेल. भेटीत हळू आवाजात सांगा.

इथे एक गोष्ट पक्की ठरवून ठेवा. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा भेट देणं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि आधी खूश आहे की नाही विचारून फक्त खूश असलेल्यांनाच लिंक पाठवणं हेही बसत नाही. तुम्ही सुचवायचं ते एवढंच की काम झालं की प्रत्येकाला, सगळ्यांना, त्याच दिवशी लिंक जाते अशी सवय लावा.

वेबसाइट, जेवढी लोकलसाठी लागते तेवढीच

पूर्ण टेक्निकल ऑडिट इथे करू नका, मोह झाला तरी. मी फोनवर वेबसाइट उघडतो, लॅपटॉपवर नाही, आणि बघतो की फोन नंबर वर दिसतोय का, दाबल्यावर कॉल लागतो का, आणि पान उघडेपर्यंत मीच कंटाळतोय का. वेग मोजायला पेजस्पीड इनसाइट्स आहे, त्यात मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे आणि दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत आला पाहिजे, हे गुगलचे चांगल्याचे निकष आहेत. पण मालकाला हे आकडे देऊ नका, त्याला त्याच्याच फोनवर त्याचं पान उघडायला सांगा आणि गप्प बसा.

जास्त महत्त्वाचं हे की प्रत्येक मोठ्या कामाला वेगळं पान आहे का. 'आमच्या सेवा' नावाचं एक पान आणि त्यात बारा बुलेट, असं असेल तर गुगलला रूट कॅनालबद्दल दाखवण्यासारखं त्या वेबसाइटवर काही नाहीच. साइट ऑपरेटर लावून शोधा, म्हणजे साइट, कोलन आणि पुढे डोमेन, आणि गुगलकडे किती आणि कुठली पानं आहेत ते बघा. कधी एखादं मुख्य पानच सापडत नाही, तपासल्यावर कळतं की वेबसाइट बनवताना लावलेला नोइंडेक्स, म्हणजे हे पान निकालात दाखवू नका असं गुगलला सांगणारा कोड, काढायचा राहून गेलाय. असं सापडलं तर त्याच दिवशी कळवून टाका, क्लायंट होवो न होवो.

पानांचे टायटल (ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं पानाचं नाव) वाचा, नुसतं 'होम' लिहिलेलं टायटल आजही सापडतं. प्रोफाइलवरची लिंक नेमकी कुठे जाते ते बघा, दोन शाखा असतील तर दोन्ही प्रोफाइल होमपेजवर जातायत का, खरं तर त्या त्या शाखेच्या पानावर जायला हव्यात. पत्ता, नाव आणि फोन वेबसाइटवर आणि प्रोफाइलवर एकच आहे का. लोकल बिझनेसचा स्कीमा, म्हणजे धंद्याची माहिती गुगलला कळेल अशा रचनेत देणारा कोड, आहे का ते गुगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये एका मिनिटात कळतं, नसेल तर लिहा, पण यादीत खाली लिहा, त्यावरून कोणाचा धंदा अडलेला मी बघितला नाहीये.

गुगलबाहेर काय आहे तेही एकदा बघून घ्या. फोन नंबर अवतरण चिन्हांत टाकून सर्च करा, मग जुना नंबर सापडला तर तोही, आणि जुना पत्ता. ॲपल मॅप्स आणि बिंग तर बघाच, आयफोनवर रस्ता शोधणारी बरीच माणसं ॲपल मॅप्स वापरतात आणि तिथली माहिती मालकाला ॲपलच्या सेवेतून (२०२३ च्या जानेवारीत ती ॲपल बिझनेस कनेक्ट नावाने सुरू झाली) स्वतः सुधारता येते, तेही फुकट. त्याच्या धंद्याच्या खास दोन-तीन डिरेक्टरी बघा. तेवढं पुरे. तीनशे डिरेक्टरींत नाव टाकून देतो असं पॅकेज विकू नका, त्यातल्या बहुतेकांवर एकही गिऱ्हाईक कधी जात नाही. चॅटबॉटला विचारून कोणाची नावं येतात हे बघायला हरकत नाही, पण तेच विचारलं तरी दर वेळी उत्तर बदलतं, त्याला नंबर म्हणून रिपोर्टमध्ये घालू नका.

रिपोर्ट: एक पान, चार स्क्रीनशॉट

एवढं सगळं झाल्यावर तुमच्याकडे वीस-पंचवीस नोंदी असतील. त्यातल्या तीन निवडा. निवडताना स्वतःला विचारा की गिऱ्हाईक कुठे गळतंय: त्याला धंदा दिसतच नाही, की दिसतो पण तो दुसऱ्याला निवडतो, की निवडतो आणि फोनच लागत नाही. जिथे गळती सगळ्यात मोठी तिथल्याच तीन गोष्टी घ्या. फोन लागत नसेल तर कॅटेगरीबद्दल आत्ता बोलूच नका, जास्त लोकांना बंद नंबरवर पाठवून काय करणार.

प्रत्येक गोष्टीला एक स्क्रीनशॉट, त्यावर जागा, तारीख, वेळ, आणि खाली दोन ओळी साध्या भाषेत. 'तुमचं दर महिन्याला इतकं नुकसान होतंय' असा आकडा स्वतःच्या मनाने काढून लिहू नका, तो तुम्हाला माहीत असणं शक्यच नाही आणि मालकाला ते लगेच कळतं. त्याऐवजी भेटीत त्यालाच विचारा की एक नवीन गिऱ्हाईक वर्षाला साधारण किती देतं, मग हिशोब तो स्वतः मनात करतो.

पहिला मेसेज मी असा काहीसा लिहितो:

'नमस्कार डॉक्टर. काल दुपारी १२ वाजता तुमच्या दवाखान्यापासून दोन किलोमीटरवरच्या लोकेशनवरून मी रूट कॅनाल शोधलं, तुमचं नाव अकरावं आलं. तुमच्या दारातून शोधलं तर ते दुसऱ्या नंबरवर येतं. मला दिसलेलं एक कारण असं की प्रोफाइलमध्ये तुमची मुख्य कॅटेगरी मेडिकल क्लिनिक आहे, वरच्या तिघांची डेंटल क्लिनिक आहे. ती तुम्ही स्वतःही बदलू शकता, दोन मिनिटांचं काम आहे. दोन्ही स्क्रीनशॉट सोबत पाठवलेत. आणखी दोन गोष्टी दिसल्यात, हव्या असतील तर तीन मिनिटांचा व्हिडिओ करून पाठवतो.'

उपाय फुकट सांगितला तर तो स्वतःच करून मोकळा होईल ही भीती मलाही होती. काही जण करतातही, करू देत. जे करतात त्यांच्यातले काही नंबर हलल्यावर परत येतात, आणि जे येत नाहीत ते तसेही पैसे देणारे नव्हते. मेसेजला उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आणि मग तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, दर वेळी एक नवीन गोष्ट सांगून, 'माझा मेसेज बघितलात का' एवढंच लिहून नको. त्यानंतर थांबा.

भेट

सगळ्यात आधी मालकाला त्याच्याच फोनवर शोधू द्या. त्याला पहिला नंबर दिसेल, दिसू दे, खोडून काढू नका. मग विचारा की तुमची बहुतेक गिऱ्हाईकं कुठल्या बाजूने येतात, तो भाग सांगेल, आणि मग तुमच्या लॅपटॉपवर त्या भागातला निकाल त्याच्यासमोर लाइव्ह काढून दाखवा. आधी काढून ठेवलेल्या जाळीपेक्षा हे जास्त पटतं कारण जागा त्याने निवडलेली असते. त्यानंतरचे दहा मिनिटं तोच बोलतो, वरचे तिघे त्याला नावानिशी माहीत असतात, त्यांच्यापेक्षा आपलं काम चांगलं आहे हे तो पोटतिडकीने सांगतो आणि बरेचदा ते खरं असतं. ऐकून घ्या, लिहून घ्या, वेबसाइटवर आणि सेवांच्या यादीत काय यायला हवं ते सगळं त्याच बोलण्यात असतं.

'पहिला नंबर कधी येईल' हा प्रश्न येणारच. पहिल्या नंबरची हमी देऊ नका, कोणीच देऊ शकत नाही, अंतर आपल्या हातात नाही. मी सांगतो की या पाच गोष्टी पहिल्या महिन्यात करणार, जाळीतला कुठला भाग सुधारण्यासारखा वाटतो आणि कुठला नाही हे नकाशावर बोटाने दाखवतो, आणि मोजणार ते फोन, रस्ता विचारणं आणि वेबसाइटवरची क्लिक, जे प्रोफाइलच्या परफॉर्मन्समध्ये मालकाला स्वतःला दिसतं. जो भाग शक्य नाही तो दाखवल्यामुळे काम गेलं असं माझ्या बाबतीत एकदाच झालंय.

हो म्हटलं की पासवर्ड मागू नका. त्याला तुम्हाला मॅनेजर म्हणून जोडायला सांगा, मालकी त्याचीच राहू दे, आणि लक्षात ठेवा की नवीन जोडलेल्या माणसाला पहिले ७ दिवस काही गोष्टी करता येत नाहीत. प्रोफाइल जुन्या एजन्सीच्या किंवा सोडून गेलेल्या नोकराच्या नावावर असेल तर मालकी मागण्याची रिक्वेस्ट टाका, समोरच्याला उत्तर द्यायला ३ दिवस असतात, नाहीच दिलं तर पुढे क्लेम करायचा मार्ग मिळू शकतो.

तो पहिला आठवडा बेसलाइन, म्हणजे बदल करण्याआधीच्या स्थितीची नोंद, घेण्यात घालवा: सगळ्या शोधशब्दांची जाळी, गेल्या सहा महिन्यांचे फोन आणि क्लिक, रिव्ह्यूंची संख्या, प्रत्येक फील्डचा स्क्रीनशॉट. वेबसाइटच्या लिंकला यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी लिंकची शेपटी) लावून टाका म्हणजे वेबसाइटचे आकडे दाखवणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये प्रोफाइलवरून आलेले लोक वेगळे दिसतील. आणि बदल एकेक करा. एकदा उत्साहात मी एकाच दुपारी नाव, फोन आणि कॅटेगरी तिन्ही बदललं होतं, गुगलने पुन्हा व्हेरिफिकेशन मागितलं आणि नऊ दिवस तो धंदा मॅप्सवर नव्हता, मालक रोज सकाळी फोन करून विचारायचे आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. तेव्हापासून आधी कॅटेगरी बदलतो, दोन आठवडे थांबतो, त्याच नऊ बिंदूंवरून त्याच वेळेला पुन्हा तपासतो, आणि मगच पुढच्या फील्डला हात लावतो.